उघड्या तोंडाची सून

त्या दिवशी उस्तिन्याचे पाव चांगले फुगले होते. एप्रिलचा महिना होता. बर्फावर पडलेलं ऊन डोळ्यांत खुपत होतं आणि झोपडीबाहेरच्या मातीच्या भट्टीत सकाळपासून लाकडं जळत होती. निखारे बाहेर ओढून तिनं लांब फळीवरून एकेक गोळा आत सरकवला, भट्टीचं तोंड बंद केलं आणि कंबर सरळ केली. कुंपणात व्यायला टेकलेल्या हरिणी जड पावलांनी फिरत होत्या. सहा वर्षांची आन्का कुत्र्याच्या पिलाशी बर्फात लोळत होती. सासूबाई, अग्राफेना, उंबऱ्यावर बसून हरणाच्या पायाचं कातडं खरवडत होत्या. त्याचे आन्कासाठी बूट व्हायचे होते.

कुंपणाकडून येफिम, तिचा सासरा, येताना दिसला आणि उस्तिन्याच्या हातानं आपोआप डोक्यावरची शाल पुढे ओढली. कपाळ, डोळे, हनुवटी, सगळं झाकलं गेलं.

सायबेरियातल्या आमच्या खांती लोकांत सुनेनं सासऱ्याला तोंड दाखवायचं नाही, त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. उस्तिन्याला या घरात येऊन अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं एकाच झोपडीत, एकाच शेगडीच्या उबेला दोघं राहिले. पण येफिमनं सुनेचा चेहरा पाहिला नव्हता. बोलायचं असेल तर तिसऱ्या कोणालातरी उद्देशून बोलायचं. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसं आमच्याकडे सून चुलीशी बोलते आणि ते सासऱ्याला लागतं.

“आन्का, आजोबांना सांग, चहा उकळलाय,” उस्तिन्या म्हणाली.

आजोबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. “तुझ्या आईला सांग, हात धुऊन आलोच,” ते म्हणाले.

आन्कानं दोघांकडे पाहिलं आणि ती पुन्हा पिलाकडे वळली. निरोप पोचवायचे कष्ट तिनं कधीच सोडून दिले होते.

येफिम वाईट माणूस नव्हता. माशाच्या पोटाकडचा चरबीचा तुकडा तो स्वतः न खाता सुनेच्या ताटाकडे सरकवायचा. मुलगा अर्सेनी तीन वर्षांपूर्वी गेला, तेव्हा ‘विधवेला माहेरी पाठवा’ असं सांगणाऱ्या नातेवाइकांना त्यानं दारातून हाकललं होतं. अर्सेनी कसा गेला ते नदीवर सगळ्यांना माहीत होतं. मासे घेऊन तो वर, तेलकंपनीच्या रस्त्यावर गेला. ट्रकवाल्यांनी माशांच्या बदल्यात बाटल्या दिल्या. सकाळी तो रस्त्याच्या कडेला बसलेला सापडला, पाठ बर्फाच्या ढिगाला टेकलेली, पापण्यांवर हिमाचे कण.

तो रस्ता येफिमच्या थोरल्या भावाच्या, दानिलाच्या जमिनीतून गेला होता. दानिलानं सही केली होती.

चहाचा पहिला पेला संपतो न संपतो तोच दूरवर घरघर ऐकू आली. कुत्री उठून उभी राहिली. सप्टेंबरात येणारं हेलिकॉप्टर मुलांना निवासी शाळेत न्यायला येतं, आणि वर्षातून एकदा डॉक्टर येतो. बाकी जे येतं ते कंपनीचं.

“आले,” अग्राफेना म्हणाली आणि कातडं गुंडाळून ठेवलं. त्या एका शब्दात सगळा थकवा होता.

आमच्या वोंतयागून नदीवर गेल्या काही वर्षांत एक नवी रीत पडली आहे. जुन्या रीती निदान वाडवडिलांनी घातलेल्या. ही हेलिकॉप्टरमधून उतरली. कंपनीची माणसं येतात, टेबलावर बाटली ठेवतात. पाहुण्यानं आणलेलं नाकारायचं नाही हा आमचा धर्म. मग पाहुणा खातो, पितो, रडतो, गळ्यात पडतो, आणि शेवटी पिशवीतून एक कागद काढतो. घरी आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, असं आमचे पूर्वज सांगून गेले. तेव्हा त्यांच्या मनात वाळलेला मासा होता, फार तर एखादं कातडं. त्यांच्या मनात तळं नव्हतं.

हेलिकॉप्टरमधून दोघं उतरले. एक सेम्योन, आमच्याच नदीवरचा, आता गावात राहणारा. ‘स्थानिक लोकांशी संबंध’ असं काहीतरी त्याच्या ओळखपत्रावर लिहिलेलं होतं. दुसरा रशियन साहेब, गेन्नादी. त्याला सर्दी झाली होती, डोळे लाल होते, आणि त्याला त्या दिवशी अजून तीन मुक्कामांवर, म्हणजे नदीकाठच्या घरवस्त्यांवर, जायचं होतं.

“काकू! अजून जिवंत?” सेम्योन दारातूनच ओरडला.

“तुझ्या लग्नाचं जेवल्याशिवाय मरायची नाही. म्हणजे अमरच म्हण की,” अग्राफेना म्हणाली. “पायातलं झटक. आत चिखल आणू नको.”

उस्तिन्या शेगडीमागच्या कोपऱ्यात सरकली. तिथून तिचे फक्त हात पुढे येत होते: कच्च्या गोठलेल्या माशाच्या पातळ चकत्या, गरम पाव, लाल बोरांचा वाडगा. टेबलावर सेम्योननं पिठाची गोणी, साखर, मुलीसाठी गोळ्या ठेवल्या. मग बाटली. मग दुसरी.

येफिमनं बाटलीकडे पाहिलं आणि मान हलवली. “आधी बोलू. नंतर पिऊ. हंसांचं तळं देणार नाही, हे तुला शरद ऋतूतच सांगितलंय.”

“काका, तळं मागतंय कोण?” सेम्योन हसला. “जमिनीच्या पोटात काय वाजतंय तेवढं ऐकायचं. डॉक्टर छातीला नळी लावतो ना, तसं. ऐकतील आणि जातील.”

“दानिलाकडे पण ऐकायलाच आले होते.”

“दानिलाकाकांचं वेगळं. ते स्वतःच म्हणाले, मला गावात घर हवंय.”

“आणि आता घरात बसून भिंतीशी बोलतो,” अग्राफेना म्हणाली.

गेन्नादीला यातलं अक्षर कळत नव्हतं. त्यानं नाक पुसलं, पेले भरले आणि रशियनमध्ये म्हणाला, “तुमच्या मुलाच्या आठवणीसाठी.”

मेलेल्या मुलाच्या नावानं भरलेला पेला कोणता बाप परत सरकवेल? येफिमनं उचलला.

एकाचे तीन झाले, तिनाचे किती झाले ते शेगडीमागून दिसत नव्हतं, ऐकू मात्र येत होतं. येफिमचा आवाज आधी मोठा झाला, मग मऊ झाला. अर्सेनी लहानपणी कसा हरणाच्या पाठीवर झोपायचा ते तो सांगू लागला. सेम्योन रडला. ते रडणं खोटं नव्हतं. तो आणि अर्सेनी एका वर्गात होते. हीच तर या रीतीतली दुष्ट गोष्ट आहे की, त्यात सगळंच खोटं नसतं.

मग येफिम म्हणाला, “चला, माझ्या हरिणी दाखवतो,” आणि तिघं धडपडत बाहेर गेले. सेम्योननं पिशवीतून काढलेला कागद टेबलावर राहिला.

उस्तिन्या कोपऱ्यातून बाहेर आली. दहा वर्षं ती निवासी शाळेत होती. तिथे तिची भाषा तोंडातून काढून घेतली आणि बदल्यात अक्षरं दिली. वाईट सौदा होता, पण अक्षरं पक्की होती. तिनं हात पुसले आणि पहिलं पान वाचलं. मग दुसरं. तिसऱ्या पानावर ती बाकावर बसली.

“काय म्हणतोय?” अग्राफेनानं विचारलं.

“आत्याबाई, हे ऐकायचं-बिकायचं काही नाही. हंसांच्या तळ्याच्या दोन्ही काठांना तेलाच्या विहिरी. तळ्यापासून मोठ्या रस्त्यापर्यंत दुसरा रस्ता. एकोणपन्नास वर्षं. आणि हे बघा, इथे...” तिचं बोट थांबलं. “‘कुटुंब स्वखुशीनं गावात राहायला जाईल.’”

“स्वखुशीनं?”

“असं लिहिलंय.”

हंसांच्या तळ्याकाठी तिची तीन तान्ही मुलं पुरलेली होती. उन्हाळ्यात डास वाढले की हरणं तिथल्या वाऱ्याला जातात. पांढरं शेवाळ तिथेच गुडघाभर असतं.

“मी सांगते त्याला,” अग्राफेना म्हणाली. “तू कोपऱ्यात जा.”

माणसं आत आली, अंगाला थंडीचा आणि हरणांचा वास. अग्राफेना नवऱ्यासमोर उभी राहिली. “म्हातारबा, त्या कागदात विहिरी आहेत. रस्ता आहे. आपल्याला गावात हाकलायचं लिहिलंय.”

येफिमनं तिच्याकडे पाहिलं आणि तो हसत सुटला. “अग्राफेना! तू कधी वाचायला लागलीस?”

“काकूंनी कागद उलटा धरला असेल,” सेम्योन म्हणाला. “कुठे लिहिलंय काकू? दाखवा बरं. कुठल्या ओळीत?”

अग्राफेनानं कागद हातात घेतला. काळ्या मुंग्यांची रांग. तिचं बोट पानावर फिरलं आणि कुठेच थांबलं नाही.

“बघा,” सेम्योन म्हणाला. “काका, इथे करा तुमची खूण.”

येफिमला लिहिता येत नसे. त्याची घराण्याची खूण होती, बदकाच्या पावलाची, तीन रेषांची. हरणांच्या कानावर तीच, वल्ह्यावर तीच. गेन्नादीनं पेन पुढे केलं.

“तिसरं पान,” शेगडीमागून आवाज आला. “वरून पाचवी ओळ.”

येफिमची मान आवाजाच्या दिशेनं वळली आणि तशीच अर्ध्यात थांबली. अकरा वर्षं चुलीशी, मुलीशी, कुत्र्याशी बोलणारा तो आवाज त्यानं ऐकला होता. आज तो त्याच्याशी बोलत होता.

उस्तिन्या बाहेर आली. शाल हनुवटीपर्यंत ओढलेली. तिनं कागद घेतला आणि शालीच्या आतून, खाली बघत, ती ओळ रशियनमध्ये वाचली, मग आमच्या भाषेत सांगितली. विहिरी. रस्ता. एकोणपन्नास वर्षं. स्वखुशीनं. गेन्नादीनं खिडकीकडे तोंड फिरवलं. ती काय वाचते आहे ते त्याला पहिल्या शब्दातच कळलं होतं.

एक क्षण असा आला की सगळं इथेच थांबलं असतं. येफिमच्या कपाळावर आठी पडली, पेन खाली आलं. पण सेम्योनही याच नदीवर वाढलेला होता. कोणती गाठ कुठून सुटते ते त्याला ठाऊक होतं.

“वा, काका,” तो हळूच म्हणाला. “सासऱ्याच्या तोंडावर सून बोलते? आमच्या आईनं असं केलं असतं तर आजोबांनी घर सोडलं असतं. नदीवर लोकांना कळलं म्हणजे? तुमच्या तार्लिनांच्या घरात आता बायका ठरवतात म्हणतील. उघड्या तोंडाची सून म्हणतील.”

येफिमचा चेहरा लाल झाला, मग राखेसारखा झाला. “या घरात मी ठरवतो,” तो म्हणाला, आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यानं कागद ओढून तीन रेषा मारल्या. बदकाचं पाऊल कागदावर वाकडं उमटलं.

अग्राफेनानं पेले टेबलावरून उचलले.

वाचणाऱ्यांनो, तुम्ही म्हणाल दारूनं घात केला. दारूनं केलाच. पण दारूला जे जमत नव्हतं ते त्या टोमण्यानं केलं. कंपनीनं बाटली आणली होती. दुसरं हत्यार आमच्याच घरात, आमच्याच हातांनी, पिढ्यान्‌पिढ्या धार लावून ठेवलेलं होतं. सेम्योननं फक्त ते उचललं.

सेम्योननं पान उलटलं आणि घसा खाकरला. “आता एक राहिलं. जमिनीच्या दाखल्यावर काकांसोबत अर्सेनीचंही नाव आहे. तो गेला, म्हणजे त्याच्या जागी... वहिनी, इथे तुझी सही लागेल.”

उस्तिन्याला आधी कळलं नाही. मग कळलं.

“बाईनं बोलायचं नाही,” ती म्हणाली, “पण सही करायची?”

“नुसती रीत आहे गं कागदाची.”

“कर सही,” येफिम म्हणाला. तो तिच्याकडे न बघता, टेबलाकडे बघत बोलला. पण मध्ये आन्का नव्हती, चूल नव्हती. सासऱ्यानं सुनेला थेट म्हटलेले ते पहिले शब्द. “मी दिलंय. माझा शब्द गेलाय. कर.”

आपण रागावलोय की घाबरलोय ते तिलाही कळत नव्हतं. सगळ्यात जास्त ती दमली होती. पहाटेपासून उभी होती, पीठ मळलं होतं, पाणी ओढलं होतं, तीन वर्षं एका माणसाचं काम करून दुसऱ्याचंही केलं होतं. शालीच्या आत श्वास गरम झाला होता. तिनं शाल मागे सारली.

बत्तीस वर्षांची बाई. डाव्या भुवईवर भाजल्याचा जुना डाग, गालावर पीठ.

“नाही, मामंजी,” ती म्हणाली. “मी करणार नाही.”

येफिमनं दोन्ही हातांनी स्वतःचा चेहरा झाकला, जणू उघडा तोच पडला होता.

हेलिकॉप्टरकडे जाताना सेम्योन दाराशी थांबला. “तू नाही केलीस तर पलीकडच्या काठावरचा कोणी करेल,” तो आमच्या भाषेत, हलक्या आवाजात म्हणाला. “मला काय हौस आहे? मी पण दमलोय गं.”

“मग घरी जा,” उस्तिन्या म्हणाली.

ती गोणी, ती साखर टेबलावरच राहिली. पिठाला कोणी हात लावला नाही. मेच्या अखेरीस त्याला वास यायला लागला तेव्हा अग्राफेनानं ते कुत्र्यांना दिलं.

त्यानंतरचे महिने उस्तिन्याला त्या दिवसापेक्षा जड गेले. येफिम कुंपणाजवळच्या छोट्या झोपडीत राहायला गेला. सुनेच्या हातचा पाव त्यानं खाल्ला नाही. अग्राफेना वेगळा भाजायची आणि दोन्हीकडे फेऱ्या मारून तिचे गुडघे सुजायचे. “मी तुझ्यावर रागावले नाही,” ती सुनेला म्हणायची, “पण चांगलं वाटतंय असंही नाही.” नदीवर बातमी पसरायला हेलिकॉप्टर लागत नाही. बेरी वेचायला गेलेल्या बायका उस्तिन्याला पाहून दुसऱ्या दलदलीकडे वळल्या. एकीनं तर मुलीच्या देखत म्हटलं, “नवरा खाल्ला, आता सासरा खाणार.”

ऑगस्टमध्ये सेम्योन पुन्हा आला, या वेळी बाटलीशिवाय. उस्तिन्या जाळं दुरुस्त करत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. “गावात दोन खोल्या. नळाला गरम पाणी. शाळा समोर. आन्का शाळेतून दुपारी तुझ्याकडे येईल, तुझ्याजवळ झोपेल. सप्टेंबरात तिला न्यायला हेलिकॉप्टर येणारच आहे, माहीत आहे ना?”

तिला माहीत होतं. शाळेतली ती लांब खोली, रांगेनं लोखंडी खाटा, उशीत तोंड खुपसून रडणारी मुलं. तीही त्यातलीच एक होती. तीन दिवस ती धड जेवली नाही. तिनं लगेच नाही म्हटलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. चौथ्या दिवशी ती तळ्यावर गेली, पाणी आणलं, आणि उत्तरासाठी परत आलेल्या सेम्योनला म्हणाली, “आन्का मोठी झाल्यावर मला विचारेल, माझी जागा कुठे आहे. दोन खोल्या दाखवू?”

सप्टेंबरात आन्का गेली. नवे बूट घालून. चढताना मागे वळून पाहिलं नाही; पाहिलं असतं तर रडली असती.

पहिला बर्फ पडला आणि येफिमची पाच हरणं चुकली. माग काढत तो दानिलाच्या जुन्या जमिनीवर गेला. दोन दिवसांनी परतला तो एक हरीण घसरगाडीला बांधून. विहिरीजवळ चिखलाचा खड्डा होता. खणताना निघालेली काळी घाण त्यात सोडलेली. मिठाच्या वासानं हरणं आत उतरली असावीत. चार तिथेच रुतून मेली होती. पाचवं त्यानं दोरानं ओढून काढलं होतं, पण त्याच्या पोटापर्यंतचे केस काळ्या थरानं चिकटून टणक झाले होते आणि ते सारखं आपलंच अंग चाटत होतं. संध्याकाळच्या आत येफिमनं त्याला मारलं. मांस कुत्र्यांनीही हुंगून सोडलं.

तो मोठ्या झोपडीत आला आणि शेगडीजवळ बसला. उस्तिन्यानं सवयीनं शाल ओढली.

“अग्राफेना,” येफिम म्हणाला, “दानिलाच्या तळ्यावर पाण्याला इंद्रधनुष्याचे रंग आलेत. मासा उकळला तर रॉकेलचा वास.” तो थांबला. अग्राफेनानं त्याच्यापुढे पाव ठेवला, मुद्दाम सुनेच्या हातचा. त्यानं तुकडा मोडला, चावला. “तिला सांग, पाव चांगला झालाय.”

“ती इथेच बसलीय,” अग्राफेना म्हणाली. “माझे गुडघे दुखतात. तूच सांग.”

येफिमनं दुसरा तुकडा मोडला.

“शाल राहू दे, पोरी,” शेवटी तो शेगडीकडे बघत म्हणाला. “एकदा पाहिलंय मी. आता लपवून काय करतेस?”

उस्तिन्यानं शाल लगेच काढली नाही. अकरा वर्षांची सवय हाताला असते. पण तिनं ती इतकी मागे सारली, की भुवईवरचा डाग दिसला. त्या दिवशी तिघं एकाच टेबलाशी जेवली.

पुढच्या आठवड्यात सासरा-सून मिळून बर्फावरून गावच्या कचेरीत गेली. येफिमनं टोपी काढून कारकुनाला सांगितलं, “ती खूण मी प्यालेला असताना केली. मला ती परत हवीय.” कारकून बाईनं सगळे रकाने तपासले आणि म्हणाली, “आजोबा, ‘प्यालेला असताना’ असा रकानाच नाहीये.” उस्तिन्यानं वेगळ्या कागदावर सगळं लिहून दिलं. त्याच्यावर शिक्का बसला. उत्तर आजतागायत आलेलं नाही.

तिच्या सहीशिवाय हंसांच्या तळ्याचा कागद अडकून राहिला आहे. पण सेम्योन खरं बोलला होता. पलीकडच्या काठावरच्या दोन घरांनी त्याच हिवाळ्यात सह्या केल्या, एकानं बर्फगाडीसाठी, दुसऱ्यानं कशासाठी ते त्यालाही आठवत नाही. आता नदीपलीकडे गॅसची ज्योत दिवसरात्र जळते. येफिमची हरणं चरत पलीकडे जातात आणि त्यातली सगळी परत येत नाहीत. कळप निम्मा झाला. तळं वाचलं, तळ्याभोवतालचं जग वाचलं असं म्हणता येत नाही.

उस्तिन्यानं मात्र एक ठरवलं. हिवाळ्यात नदी गोठली, की तीन हरणांची घसरगाडी जुंपून ती एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर जाते. कंपनीचे कागद वाचून दाखवते. हरणं येफिमच निवडून देतो. तिचं स्वागत होतं असं समजू नका. कुठे कुत्री सोडतात, कुठे म्हणतात, “उघड्या तोंडाची आली.” कुठे पुरुष ऐकून घेतात, मान डोलावतात आणि पुढच्या महिन्यात खूण करून मोकळे होतात. चौदा मुक्कामांपैकी तिघांनी कागद परत पाठवले. परतताना तिची बोटं इतकी बधिरलेली असतात, की लगाम सोडवायला येफिमला यावं लागतं. “पुरे कर आता,” तो म्हणतो. ती म्हणते, “हो, पुरे.” आणि पुन्हा निघते.

या फेब्रुवारीत ती सगळ्यात वरच्या मुक्कामावर पोचली. तिथल्या म्हाताऱ्यानं तिला चहा दिला, पण कागदाचं नाव काढताच हात झटकला. “आम्हाला वाचून नको. आमच्याकडे पाहुणे आले, चांगली माणसं होती.” उस्तिन्यानं वाद घातला नाही. आता पुरे म्हणून पेला पालथा ठेवला, हातमोजे चढवले आणि बाहेर येऊन हरणं जुंपू लागली.

पाठीमागे बर्फ कुरकुरला. घरातली सून बाहेर आली होती. शाल तोंडावर ओढलेली, वय वीस-बावीस. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि अंगरख्याच्या आतून घडी केलेला कागद काढला.

“अजून खूण केली नाहीये त्यांनी,” ती कुजबुजली. “उद्या कंपनीची माणसं येणार आहेत. लवकर वाच.”

उस्तिन्यानं हातमोजे काढले, कागद उलगडला. मग तिच्याकडे पाहून म्हणाली, “तुला किती वाचता येतं?”

“शाळेत होते पाच वर्षं. विसरले असेन.”

“विसरत नाही कोणी. पहिली ओळ तू वाच. अडलीस की मी सांगते.”

आतून म्हातारा खोकला आणि त्यानं बायकोला विचारलं, “सून कुठे गेली?” पोरगी दचकली. तिचे डोळे दाराकडे गेले, पण पाय हलले नाहीत. तिनं शाल तोंडावरून मागे सारली, बोट ओळीवर ठेवलं, आणि अडखळत पहिला शब्द मोठ्यानं वाचला.